भातखंडे यांचा वारसा : निष्कर्षांचा की पद्धतीचा?

हिंदुस्थानी संगीतशास्त्राच्या विद्यापीठीय अध्ययनाचा पाया पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांच्या ग्रंथांनी घातला. दहा थाट, वादी-संवादी, रागसमय या संकल्पना अभ्यासक्रमात स्थिरावल्या आहेत. तथापि हे निष्कर्ष ज्या पद्धतीने हाती आले, तिचे अध्ययन त्या प्रमाणात होत नाही. शोधप्रबंधातील ‘संशोधनपद्धती’ हे प्रकरण अनेकदा सामाजिक शास्त्रांच्या पाठ्यपुस्तकांवरून बेतलेले असते आणि पुढील रागविवेचनाशी त्याचा संबंध उरत नाही. या विसंगतीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भातखंडे यांच्या संस्कृत ग्रंथाचे ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हे नावच सूचक आहे. लक्ष्य म्हणजे प्रचारातील प्रत्यक्ष संगीत, तर लक्षण म्हणजे त्याचे शास्त्र. लक्ष्य पालटले की लक्षणही तपासले पाहिजे, ही त्यामागील भूमिका होय. त्यासाठी त्यांनी १९०४ मध्ये दक्षिणेचा प्रवास केला, जुने ग्रंथ अभ्यासले, गायकांकडून बंदिशी मिळवून त्यांचे स्वरलेखन केले. त्यांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ या मराठी ग्रंथाची रचना गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांची आहे. तेथे शिष्य शंका घेतो आणि गुरूला आधार द्यावा लागतो. आपल्या प्रबंधांत उत्तरे तेवढी राहिली; शंका लोपल्या.

उदाहरणार्थ, भूपाली आणि देशकार या रागांचे स्वर एकच आहेत : सा, रे, ग, प, ध. तरीही भूपाली कल्याण थाटात आणि देशकार बिलावल थाटात ठेवला जातो. या दोन थाटांत भेद केवळ मध्यमाचा; आणि दोन्ही रागांत मध्यम वर्ज्यच आहे. म्हणजे हे वर्गीकरण केवळ स्वरांवरून सिद्ध होत नाही. ते वादी स्वर, पूर्वांग-उत्तरांगाचे प्राधान्य, चलन आणि परंपरेचे संस्कार यांवर आधारलेले आहे. खरे संशोधन या जागी सुरू व्हावे. परंतु विद्यार्थी रागाचा तक्ता उतरवून पुढील रागाकडे वळतो.

साधनांच्या चिकित्सेबाबतही हीच स्थिती दिसते. भारतात १९०२ पासून व्यावसायिक ध्वनिमुद्रण होऊ लागले. जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच गायन मावत असे. तिच्यावरून रागाचे चलन व स्वरलगाव अभ्यासता येतो. मैफलीतील विस्ताराविषयी मात्र अनुमान करता येत नाही. स्वरलेखनही बंदिशीचा सांगाडा जपते. मींड आणि आंदोलन त्यातून बव्हंशी निसटतात. कलावंताची मुलाखत हे त्याच्या धारणेचे प्रमाण आहे, गायनाचे नव्हे. कोणते साधन कशाचे प्रमाण ठरते, हे सांगणे हाच संगीतातील संशोधनपद्धतीचा गाभा होय.

म्हणून एकाच रागाची निरनिराळ्या घराण्यांतील ध्वनिमुद्रणे निवडावीत, निवडीचा निकष सांगावा, स्वरलेखन करावे आणि ग्रंथोक्त लक्षणांशी पडताळा घ्यावा. जेथे मेळ बसत नाही, ते स्थळ झाकू नये. संगीताच्या विद्यार्थ्याजवळ तयार कान असतो. अन्य शाखांच्या संशोधकांना सहसा न लाभणारे हे साधन आहे. प्रबंधात त्यालाच स्थान मिळाले नाही, तर पदवी मिळेल, शास्त्र मात्र होते तेथेच राहील. भातखंडे यांच्या निष्कर्षांची पुनर्तपासणी करणे हा त्यांचा अनादर नव्हे. त्यांच्या पद्धतीचा तोच खरा स्वीकार आहे.