लेबलावर नसलेले जयपूर : खाजगी ध्वनिमुद्रिकासंग्रह आणि घराण्याची समीक्षा

मराठी संगीतसमीक्षेत 'जयपूर' हा शब्द शहराचे नाव म्हणून क्वचित आणि गायकीचे नाव म्हणून नेहमी येतो. जयपूर संस्थानातील उनियारा येथे १८५५ मध्ये जन्मलेले अल्लादियाखाँ १८९५ मध्ये कोल्हापुरास आले, शाहू छत्रपतींच्या आश्रयास राहिले, १९२२ मध्ये छत्रपतींचे निधन झाल्यावर मुंबईस गेले आणि तेथेच १९४६ मध्ये निवर्तले. त्यांची विद्या पुढे नेली ती त्यांच्या पुत्रांबरोबरच गोव्यातून आलेल्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांसारख्या गायिकांनी आणि धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूर यांनी. नाव राजस्थानचे आणि स्वर कोकण-कर्नाटकाचा, अशी ही स्थिती आहे. ती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे प्रश्न म्हणून पाहिले जात नाही. हा प्रश्न दृश्य रूपात कोठे दिसत असेल, तर तो खाजगी संग्रहांतून जपल्या गेलेल्या ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवर. संग्राहकाला प्रिय असलेल्या आणि समीक्षेने मात्र दुय्यम मानलेल्या या तबकड्यांना स्वतंत्र संहितेचा दर्जा द्यावा, तसा तो दिल्यास घराण्याविषयीची आपली काही गृहीतके बदलावी लागतील, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

या तबकड्या दुय्यम का ठरल्या, हे प्रथम पाहिले पाहिजे. घराण्यांचा मराठीतील सर्वांत प्रभावी विचार वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी' (१९६१) या ग्रंथात आला. स्वर आणि लय या दोन तत्त्वांच्या प्रमाणावरून त्यांनी घराण्यांची मांडणी केली. किराणा घराणे स्वराच्या टोकाकडे, आग्रा लयीच्या बाजूस आणि जयपूर या दोहोंच्या समतोलाच्या जागी, असा तिचा ढोबळ आशय सांगता येईल. त्याआधी गोविंदराव टेंबे यांनी 'माझा संगीत-व्यासंग' (१९३९) मध्ये प्रत्यक्ष सहवासाच्या आधारे या गायकीचे दर्शन घडविले होते. या दोन्ही लेखनांचे मोल वादातीत आहे. तथापि त्यांचा मुख्य पुरावा मैफलीच्या स्मृतीचा आहे. स्मृती हा प्रमाणग्रंथ मानला गेल्यावर ध्वनिमुद्रिकेच्या वाट्याला केवळ 'नमुन्या'ची भूमिका उरते. मैफलीत तासभर चाललेल्या रागाचा तीन मिनिटांचा तुकडा, म्हणून उणा आणि म्हणून गौण, अशी ही विचारसरणी आहे. जी मैफल आज कोणालाच ऐकता येत नाही ती मूळ संहिता आणि जी मुद्रिका समोर आहे ती तिची सदोष प्रत, असा हा उलटा न्याय आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला हा न्याय पटण्यासारखा नाही. इंग्रजीतील सॉनेट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केशवसुतांनी मराठीत आणले, तेव्हा चौदा ओळींची मर्यादा ही खंडकाव्याची कापणी आहे असे मानून त्याचा विचार झाला नाही. मर्यादा हाच त्या रचनाप्रकाराचा घटक मानला गेला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर मावणारी सुमारे तीन मिनिटे याच दृष्टीने पाहिली पाहिजेत. जयपूर गायकीचे एक ठळक वैशिष्ट्य म्हणजे अनवट आणि जोडराग. केसरबाईंच्या नटकामोद किंवा ललितागौरी या रागांच्या मुद्रिका या संदर्भात बोलक्या आहेत. मैफलीत दोन रागांचा सांधा सावकाश उलगडता येतो. एका अंगाची छाया स्थिर करून मग दुसरे अंग आणता येते. मुद्रिकेत ही सवड नाही. पहिल्या काही आवर्तनांतच दोन्ही अंगे ऐकणाऱ्यास ओळखू आली पाहिजेत आणि तरीही राग एकसंध वाटला पाहिजे. म्हणून मुखड्याची निवड, समेवर येण्याची वाट, तानेची दिशा या सर्वांवर रचनेचा एक वेगळाच ताण येतो. हा ताण मैफलीत नसतो. तो या प्रकाराचा स्वतःचा आहे, आणि गायिकेने त्याला दिलेले उत्तर हा तिच्या प्रज्ञेचा स्वतंत्र पुरावा आहे.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो रास्तही आहे. विलंबित लयीत राग हळूहळू वाढत जाणे, श्रोत्यांच्या दादेने गायकाच्या कल्पनेला वळण मिळणे, एकच जागा दुसऱ्यांदा वेगळ्या रीतीने घेणे, यांतले काहीही तबकडीत सापडणार नाही. केसरबाई ध्वनिमुद्रणाबाबत चोखंदळ होत्या आणि नभोवाणीपासून त्या दूर राहिल्या, यामागे ही जाणीव असावी असे मानण्यास जागा आहे. परंतु मुद्रिका मैफलीची जागा घेते असा येथे दावाच नाही. दोन्ही भिन्न प्रकार आहेत आणि एकाच्या निकषांनी दुसऱ्याचे मूल्यमापन करू नये, एवढेच म्हणणे आहे.

आता तबकडीच्या लेबलाकडे वळू. त्यावर साधारणतः गायिकेचे नाव, रागाचे नाव, चिजेचे आरंभीचे शब्द आणि क्रमांक एवढेच छापलेले असे. केरकर हे नाव केरी या गोव्यातील गावावरून आलेले, कुर्डीकर हे कुर्डी या गावावरून. कुर्डी गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. म्हणजे एका गायिकेच्या लेबलावर आज बुडालेल्या गावाची खूण राहिली आहे. ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्या बंगालमध्ये, १९२८ पासून दमदमच्या कारखान्यात, छापल्या जात. चिजेची भाषा बहुतेक वेळा ब्रज असते. देसी रागातील एका प्रसिद्ध विलंबित चिजेत तर थेट राजस्थानी बोली ऐकू येते, आणि त्या बोलीचा उच्चार कोकणी व मराठी बोलणाऱ्या कंठातून होतो. अशा वस्तूवर गोवे आहे, बंगाल आहे, ब्रज आहे. 'जयपूर' मात्र छापलेले नाही. ते समीक्षेने पुढे लावलेले नाव आहे. सवाई रामसिंहांच्या काळात (१८३५ ते १८८०) गुणीजनखान्यामुळे जयपूर हे ध्रुपदियांचे आणि बीनकारांचे मोठे केंद्र बनले होते, त्यामुळे या नावाला ऐतिहासिक आधार निश्चितच आहे. अत्रौलीचे नावही त्याला जोडले जाते. पण प्रत्यक्षात हे नाव एका भाषांतराचे नाव आहे. एका दरबारी परंपरेचे मराठी-कोकणी भूमीवर जे रूपांतर झाले, त्याला आपण मूळ गावाच्या नावाने ओळखत आलो. या रूपांतराचा कागदोपत्री पुरावा आपल्याला लेबलावर वाचता येतो.

दुर्लक्षाचे सर्वांत लक्षणीय उदाहरण केसरबाईंच्या भैरवीच्या मुद्रिकेचे आहे. भैरवी मैफलीच्या शेवटी गायची. ख्यालाचे गांभीर्य आधी संपलेले असते. त्यामुळे घराण्याच्या चर्चेत तिला सहसा स्थान मिळत नाही. १९७७ मध्ये 'व्हॉयेजर' यानांबरोबर पाठवावयाच्या ध्वनिमुद्रिकेसाठी संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी ज्या भारतीय गायनाची शिफारस केली, ते नेमके साडेतीन मिनिटांचे हेच गायन होते. ही मुद्रिका तोवर बाजारातून नाहीशी झाली होती. न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या घरगुती उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात, तिच्या न उघडलेल्या प्रती ॲन ड्रुयन यांना सापडल्या. सत्तावीस रचनांच्या त्या संचात भारताचे प्रतिनिधित्व तिने केले. त्याच वर्षी, यानांच्या उड्डाणानंतर काही दिवसांतच, केसरबाई निवर्तल्या. पुढे २०१२ मध्ये 'व्हॉयेजर-१' सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेले. हा प्रसंग आपल्याकडे अभिमानाने सांगितला जातो. पण आपल्या समीक्षेने शेवटची म्हणून बाजूस ठेवलेली संहिता परक्या श्रोत्याने प्रथम म्हणून ऐकली, हा त्यातील खरा बोध आहे. ती वाचली ती कोणा संस्थेच्या धोरणामुळे नव्हे, तर एका दुकानात पडून राहिल्यामुळे.

येथे खाजगी संग्रहाचा प्रश्न येतो. अडोर्नोने १९३४ मधील आपल्या निबंधात तबकड्यांच्या संग्रहाची तुलना छायाचित्रांच्या व टपाल तिकिटांच्या वह्यांशी केली आणि त्यात वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासारखे कृत्रिम जीवन पाहिले. मराठी अभ्यासकाला यापेक्षा जवळचे उदाहरण राजवाडे यांचे वाटेल. घरोघरच्या दप्तरांतून, माळ्यांवरून कागद गोळा करून त्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली. जे कागद मालकांना रद्दी वाटत होते ते साधन ठरले, कारण संग्राहकाने निवड केली आणि संदर्भ नोंदविला. तबकड्यांच्या बाबतीत हे काम १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने आणि अनेक एकांड्या संग्राहकांनी केले आहे. अल्लादियाखाँचे बंधू हैदरखाँ यांच्या शिष्या, बडोदे दरबारच्या लक्ष्मीबाई जाधव यांच्यासारखी गायिका आज ऐकता येते ती मुख्यतः अशा संग्राहकांमुळे. घराण्याच्या रूढ इतिहासात तिला जेमतेम ओळभर जागा मिळते.

मात्र संग्रह म्हणजे अद्याप संपादन नव्हे. जुन्या तबकड्यांतील गायन पुढे व्हिनाईलच्या दीर्घवादन मुद्रिकांवर आणि नंतर अंकीय रूपात आले, तेव्हा मूळच्या दोन बाजूंची जोडी मोडली, क्रम बदलला, लेबलावरील मजकूर गळाला. पोथीची पाने विस्कटून फक्त आवडते श्लोक पुन्हा छापावेत, तसे हे झाले. पाठचिकित्सेची जी शिस्त मराठी अध्यासनांना प्राचीन हस्तलिखितांबाबत परिचित आहे, तीच येथे लावावयास हवी. कोणती बाजू कोणत्या बाजूशी जोडलेली होती, क्रमांक कोणता, रागनाम कसे छापले, चिजेचे शब्द कसे उच्चारले, याची नोंद व्हावयास हवी. संग्राहकाच्या मागे घरच्यांना त्या तबकड्यांचे काय करावे हे कळत नाही. लाखेची तबकडी ठिसूळ असते, आणि संग्रह विखुरला की हा संदर्भ पुन्हा जुळविता येत नाही.

अल्लादियाखाँ यांचा आवाज कोणत्याही तबकडीवर उपलब्ध नाही. त्यांनी नातू अझीझुद्दीनखाँ यांना उर्दूत सांगितलेली जीवनकथा मात्र राहिली आणि २००० मध्ये अमलान दास गुप्ता व ऊर्मिला भिर्डीकर यांनी ती इंग्रजीत आणली. गुरूचा शब्द ग्रंथात आहे आणि शिष्यांचा स्वर तबकडीत. तौलनिक अभ्यासाने या दोन्ही संहिता एकत्र वाचावयाच्या आहेत. तसे झाले तर 'जयपूर' हे नाव आपण वारसा म्हणून न उच्चारता एका प्रदीर्घ भाषांतराचे शीर्षक म्हणून उच्चारू, आणि त्या भाषांतराच्या कर्त्या म्हणून लेबलावर छापलेली केरकर, कुर्डीकर, जाधव ही नावे वाचू.