एकनाथांची फुगडी : रूपकाचा अर्थ आणि खेळाचा आनंद

संत एकनाथांच्या (१५३३–१५९९) भारुडांत विंचू, जोगवा, एडका हे विषय जसे येतात, तशीच बायकांच्या रोजच्या विरंगुळ्यातली फुगडीही येते. पुढे सतराव्या शतकात तुकाराम महाराजांनीही फुगडी, हुतुतू, चेंडूफळी या खेळांवर अभंग रचले. अशा रचना शिकवताना फळ्यावर बहुधा एक कोष्टक मांडले जाते : दोन मैत्रिणी म्हणजे जीव आणि शिव, गिरकी म्हणजे ब्रह्मानंद. कोष्टक पूर्ण होताच खेळ विसरला जातो. अर्थ लावण्याची ही रीत फुगडीला न्याय देते का, हा खरा प्रश्न आहे.

कोष्टकाची रीत मुळातच चुकीची नाही. दख्खनी भाषेतील सूफी चक्कीनाम्यात जात्याचा खुंटा अलिफसारखा, म्हणजे अल्लाहचा निर्देशक, आणि मधली खीळ म्हणजे प्रेषित मुहम्मद (स.) अशी जोडणी स्पष्टपणे केलेली आढळते. रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरील १९७८ च्या ग्रंथात या गीतांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. जाते ही वस्तू आहे. तिचे भाग सुटे करून दाखवता येतात. फुगडी ही मात्र क्रिया आहे. दोघी हातांची अढी घालतात, पाय जवळ ठेवतात आणि मागे झुकून फिरतात. एकीचा तोल दुसरीच्या ओढीवर टिकतो. हात सुटला तर दोघीही पडतात. ‘दोन असून एक’ हा विचार येथे सांगावा लागत नाही. तो अंगाने कळतो. म्हणून आनंद हे अर्थावरचे टरफल नव्हे. आनंद वगळला तर अर्थच उरत नाही.

बालाघाटसारख्या सीमावर्ती जिल्ह्यात ही बाब अधिक महत्त्वाची ठरते. एका बाजूस गोंदिया, दुसऱ्या बाजूस छत्तीसगड. छत्तीसगडी फुगडीत मुली उकिडव्या बसून पाय झपाझप मागेपुढे करतात. जी शेवटपर्यंत टिकते ती जिंकते. महाराष्ट्रातही बसफुगडी आहेच. एकाच वर्गातील विद्यार्थ्यांच्या मनात त्यामुळे ‘फुगडी’ या एका शब्दाने दोन निराळी चित्रे उभी राहू शकतात. जिथे प्रत्येकीचा तोल स्वतंत्र आहे आणि समोरची प्रतिस्पर्धी आहे, तिथे अद्वैताचे रूपक उभे राहणार नाही. अर्थ सांगण्यापूर्वी कोणता खेळ अभिप्रेत आहे हे ठरवणे अगत्याचे आहे.

दुसरा मोह याहून सूक्ष्म आहे. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे. त्यांचे गुरू चांद बोधले हे कादिरी परंपरेतील सूफी, असे परंपरा मानते. एवढ्या धाग्यावरून फुगडीला सूफी नृत्याची बहीण ठरवणे घाईचे होईल. मौलवी दरवेश स्वतःच्या अक्षाभोवती एकटा फिरतो; फुगडीला दुसरी लागतेच. चक्कीनामा आणि भारूड यांचे खरे साम्य अन्यत्र आहे : दोन्हींनी गहन विचार पोथीतून काढून बायकांच्या हाती, पायी आणि ओठी दिला. हे साम्य वंशावळीच्या पुराव्यावर अवलंबून नाही, म्हणूनच ते अधिक भक्कम आहे.

अध्यापकाने आधी दोन विद्यार्थिनींना फुगडी घालू द्यावी, मग ‘हात सुटला तर काय होईल?’ एवढेच विचारावे. कोष्टक नंतर मांडता येईल. कदाचित त्याची गरजही भासणार नाही.