मुष्टियोद्ध्याचे घर

मुष्टियुद्धावरच्या चित्रपटाचा साचा ठरलेला आहे. गरीब वस्ती, अंगात रग असलेला तरुण, म्हातारा प्रशिक्षक, एक मोठा पराभव आणि शेवटची लढत. हॉलिवूडने हा साचा १९४०च्या दशकातच पक्का केला आणि आजही तो फारसा बदललेला नाही. तरीही यातले मोजके चित्रपट टिकले आणि बाकीचे निकालाची घंटा वाजताच विसरले गेले. टिकलेल्या चित्रपटांमध्ये खेळाडूची महत्त्वाकांक्षा घरच्यांच्या पोटापाण्याशी, मानापमानाशी आणि हेव्यादाव्यांशी जखडलेली दिसते. जिथे घर म्हणजे प्रेक्षकांत बसून डोळे पुसणारी पत्नी एवढेच उरते, तिथे कोण जिंकणार यापलीकडे पाहण्यासारखे काही राहत नाही.

रॉबर्ट रॉसेन यांच्या ‘बॉडी अँड सोल’मध्ये (१९४७) हे नाते ठसठशीतपणे आले. चार्ली डेव्हिसच्या वडिलांचा त्यांच्या छोट्या दुकानात स्फोटाने मृत्यू होतो. घर चालवायला आई मदतीसाठी अर्ज करते. चौकशीला आलेल्या बाईंसमोर आपली गरिबी मोजली जाते आहे हे चार्लीला सहन होत नाही आणि तो पैशासाठी लढायचे ठरवतो. आईचा याला कडाडून विरोध असतो. पुढची सगळी पडझड या एका प्रसंगातून निघते. छायालेखक जेम्स वाँग हाउ यांनी चाकांचे बूट घालून, कॅमेरा हातात धरून रिंगणातली दृश्ये टिपली, आणि प्रेक्षक प्रथमच दोरांच्या आत उभा असल्यासारखा झाला. दोन वर्षांनी आलेल्या ‘द सेट-अप’ने एका उतरणीला लागलेल्या खेळाडूची संध्याकाळ जवळजवळ प्रत्यक्ष वेळेत, ७२ मिनिटांत दाखवली. त्यात पत्नी लढत पाहायला येत नाही, आणि तिच्या रिकाम्या खुर्चीकडे वळणारी त्याची नजर समोरच्याच्या ठोशांपेक्षा जास्त बोलते.

लुकिनो विस्कोंती यांच्या ‘रोक्को अँड हिज ब्रदर्स’ने (१९६०) कुटुंबालाच कथेचा नायक केले. दक्षिण इटलीतल्या लुकानियाहून विधवा रोझारिया आपल्या मुलांसह मिलानला येते. पाच भावांच्या नावांचे पाच भाग, अशी चित्रपटाची रचना आहे. सिमोने मुष्टियुद्धात नाव काढतो आणि तितक्याच वेगाने वाया जातो. रोक्कोला या खेळाची आवड नाही, पण भावाचे कर्ज फेडायला तो करार करतो आणि विजेता होतो. शेतीवर जगणाऱ्या कुटुंबाचा भावकीचा धर्म औद्योगिक शहरात किती विषारी होऊ शकतो, हे विस्कोंतींनी निष्ठुरपणे दाखवले आहे. रोक्कोचा त्याग सिमोनेला वाचवत नाही, उलट बेलगाम करतो. चांगुलपणाची इतकी कठोर चिकित्सा या प्रकारातल्या दुसऱ्या चित्रपटात क्वचितच सापडेल.

मार्टिन स्कोर्सेसी यांच्या ‘रेजिंग बुल’ची (१९८०) चर्चा रॉबर्ट डी नीरो यांनी वाढवलेल्या वजनाभोवती आणि थेल्मा स्कूनमेकर यांच्या संकलनाभोवती फिरते, आणि दोन्ही गोष्टी त्या चर्चेला पात्र आहेत. मात्र चित्रपटाचा कणा आहे जेक आणि जोई या भावांचे नाते. जोई भावाचा व्यवस्थापक आहे, त्यामुळे घर आणि धंदा वेगळे काढता येत नाहीत. बिघडलेला दूरचित्रवाणी संच ठीकठाक करता करता जेक आपल्या पत्नीविषयी जोईला प्रश्न विचारू लागतो. आवाज चढत नाही, प्रश्न मात्र घाणेरडे होत जातात. थोड्याच वेळात तो जोईच्या घरात घुसून जेवणाच्या टेबलावरून त्याला खेचतो आणि बायकामुलांदेखत मारतो. रिंगणात ज्याला नियम आवरतात, त्याला घरात आवरणारे कोणी नाही.

‘रॉकी’ने (१९७६) या प्रकाराला अफाट लोकप्रियता दिली आणि पुढच्या भागांनी त्याला सोपेही केले. मूळ चित्रपटात रॉकी हरतो, ही गोष्ट नक्कल करणारे सोयीस्करपणे विसरले.

महत्त्वाकांक्षा आणि नाती यांचा हिशेब सर्वांत नेमका मांडला तो डेव्हिड ओ. रसेल यांच्या ‘द फायटर’ने (२०१०). मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल या गिरणगावातले मिकी वॉर्ड आणि त्यांचे सावत्र भाऊ डिकी एकलंड यांची ही खरी कहाणी. डिकी शुगर रे लेनर्डशी लढलेला, आता नशेत बुडालेला प्रशिक्षक. आई ॲलिस व्यवस्थापक. शिवाय सात बहिणींचा गोतावळा. एका लढतीच्या वेळी ठरलेला प्रतिस्पर्धी आजारी पडतो आणि बदली म्हणून सुमारे २० पौंड जास्त वजनाचा माणूस उभा केला जातो. लढत झाली नाही तर कोणालाच पैसे मिळणार नाहीत. मिकीला रिंगणात उतरवले जाते आणि तो बेदम मार खातो. यात कोणी दुष्ट नाही. सगळ्यांचे त्याच्यावर प्रेम आहे आणि सगळ्यांचे पोट त्याच्यावर आहे. क्रिश्चन बेल आणि मेलिसा लिओ यांना ऑस्कर मिळाले ते या गुंत्यातले प्रेम खरे वाटायला लावल्याबद्दल. मार्क वॉलबर्गचा अबोल मिकी मात्र कमी वाखाणला गेला. घरात ज्याला बोलायला जागाच मिळत नाही, अशा मुलाचे ते अचूक काम आहे.

नायिका असली की हा हिशेब बदलतो. ‘मिलियन डॉलर बेबी’त (२००४) मॅगी कमावलेल्या पैशातून आईला घर घेऊन देते आणि सरकारी मदत बंद पडेल म्हणून आई तिलाच बोल लावते. सुधा कोंगरा यांच्या ‘साला खडूस’मध्ये (२०१६) थोरली बहीण पोलिसातल्या नोकरीसाठी हा खेळ खेळते, प्रशिक्षकाची नजर मात्र मासे विकणाऱ्या धाकटीवर पडते. बहिणीबहिणींमधली ती आग चित्रपटाने आणखी तापवायला हवी होती. ‘मेरी कोम’मध्ये (२०१४) मुले सांभाळणारा पती आहे. अंतिम लढतीला मुलाच्या शस्त्रक्रियेची जोड देऊन पटकथेने तो ताजा धागा अश्रूंत बुडवला.

‘तूफान’ची (२०२१) जमीन मुंबईची आहे. डोंगरीचा अझीझ, प्रशिक्षक नाना प्रभू आणि त्यांची डॉक्टर मुलगी. मराठी बापाच्या मनातला धर्मद्वेष हा खरा विषय हाती असताना लेखकांनी मुलीला अपघातात मारून नायकाला लढायचे कारण पुरवले. ‘मुक्काबाज’ने (२०१८) अशी सूट घेतली नाही. बरेलीच्या श्रवणला घरातली बोलणी, जात आणि क्रीडासंघटनेतली दादागिरी यांच्याशी एकाच वेळी झुंजावे लागते.

पा. रंजित यांच्या ‘सारपट्टा परंबरै’मध्ये (२०२१) कुटुंबाचा अर्थच रुंदावला. सत्तरच्या दशकातल्या उत्तर मद्रासमधली मुष्टियुद्धाची घराणी रक्ताच्या नात्याइतकीच बांधून ठेवतात. तालमीचा मान म्हणजे काय हे जाणणाऱ्या मराठी प्रेक्षकाला रंगन वाद्यार हा वस्ताद परका वाटत नाही. तो स्वतःच्या मुलाला डावलून कबिलनला पुढे करतो, तेव्हा मुलाच्या मनात साठलेली अढी कोणत्याही प्रतिस्पर्ध्याइतकी धोकादायक ठरते. कबिलनची आई सुरुवातीला त्याला या खेळाच्या वाऱ्यालाही उभे राहू देत नाही, कारण नवऱ्याला तिने याच वाटेने गमावले आहे. मुलगा दारूच्या धंद्यात बुडाल्यावर तीच त्याला पुन्हा शिकायला पाठवते. उत्तरार्ध रेंगाळतो, शेवट ठरावीक वळणावर येतो, पण आईच्या या उलट फिरलेल्या निर्णयामागे भीती, पश्चात्ताप आणि वस्तीचा मान हे तिन्ही एकत्र दिसतात, आणि भारतीय मुष्टियुद्धपटात आईला इतके काम यापूर्वी क्वचितच मिळाले होते.