मापात पाप

समीक्षा लिहिण्याची माझी पात्रता काय, असं कुणी विचारलं तर मी बी.कॉम. आहे, एवढंच सांगू शकतो. गेली एकवीस वर्षं मी एका बँकेत आहे आणि त्यातली निम्मी तरी चेकवरची सही कार्डावरच्या सहीशी जुळते की नाही हे बघण्यात गेली. पण मला सांगा, समीक्षक तरी निराळं काय करतो? एका हातात अस्सल, दुसऱ्या हातात समोर आलेला माल, आणि मध्ये चष्मा कपाळावर सरकवून बसलेला एक त्रासलेला इसम! आज ज्या वस्तूबद्दल लिहायचं आहे ती तर मुळातच नक्कल आहे. तेव्हा हे काम माझ्याच टेबलाचं, असं धरून मी पुढं जातो.

वस्तू म्हणजे चिलखत. पण मावळ्याचं नव्हे. शाळेच्या गॅदरिंगला मावळे आम्हीही झालो आहोत. त्याला आईचं जुनं लुगडं आणि बापाचा पट्टा पुरायचा. हे चिलखत आकाशातलं आहे. जॉर्ज ल्यूकस या अमेरिकन गृहस्थांचा ‘स्टार वॉर्स’ हा सिनेमा १९७७ साली आला. त्यातल्या दुष्ट साम्राज्याचा जो पांढराशुभ्र शिपाई, त्याचा हा गणवेश. त्या शिपायाला स्टॉर्मट्रूपर म्हणतात. आमच्या सौ.ला ते नाव अजून जमत नाही. ती ‘तुमचा तो ट्रॅक्टर’ म्हणते.

‘तुमचा’ म्हणजे माझा नव्हे, चिरंजीवांचा. चिरंजीव वीस वर्षांचे. २०११ साली दिल्लीत कॉमिक कॉन नावाची एक जत्रा सुरू झाली, ती पुढं मुंबईतही भरू लागली. तिथं पोरं आपापल्या लाडक्या पात्रांची सोंगं घेऊन जातात. आमच्याला हे सोंग घ्यायचं होतं. शिकवण्या घेऊन त्यानं पैसे जमवले, कमी पडले ते माझ्याकडून उसने घेतले. रक्कम सांगत नाही. ती पासबुकात आहे आणि पासबुक सौ.पासून लपवलेलं आहे.

योगायोग असा की, त्याच आठवड्यात बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरायची मुदत संपत होती. अर्ज हल्ली ऑनलाइन भरतात हे मला ठाऊक आहे. पण छापील कागद समोर असला की माणसाला गांभीर्य येतं, म्हणून मी जाहिरातीची अकरा पानं छापून, टाचणी मारून टेबलावर ठेवली होती. खोका आला तो नेमका त्या अकरा पानांवर ठेवला गेला. मी काही बोललो नाही. चिरंजीवांचा इरादा मला कळला होता. सिनेमा-नाटकांसाठी असल्या वस्तू बनवणाऱ्या मुंबईतल्या एका कारखान्यात त्याला शिकाऊ म्हणून जायचं होतं. “ती काय कला आहे?” असं मी एकदा जेवताना विचारलं होतं. त्यावर तो आमटीत बघत राहिला होता.

खोका उघडला आणि आत चिलखत नव्हतंच. होते ते पांढऱ्या प्लॅस्टिकचे फुगीर पत्रे. औषधाच्या गोळ्या ज्या पाकिटात येतात ते कसं बनतं? प्लॅस्टिकचा पत्रा तापवून मऊ करायचा, साच्यावर टाकायचा आणि मधली हवा ओढून घ्यायची. पत्रा साच्याला घट्ट बिलगतो. हे चिलखतही तसंच बनतं, फक्त गोळीच्या जागी आपली मांडी आहे असं समजायचं. १९७६ साली सिनेमासाठीही ते याच रीतीनं बनलं होतं. छाती, पाठ, पोट, खांदे, दंड, मनगटं, मांड्या, पोटऱ्या असा प्रत्येक अवयव सुटा. कमरेच्या मागच्या तुकड्याला तर मूळ भाषेत ‘मूत्रपिंड’च म्हणतात. हातपायांचे पुन्हा दोन-दोन अर्धे भाग. जादा कडा कापायच्या, दोन अर्धे कडेला कड लावून जुळवायचे, सांध्यावर पट्टी चिकटवायची, एक दिवस वाळू द्यायचं. मग सगळे अवयव इलॅस्टिकच्या पट्ट्या आणि टिचबटणांनी एकमेकांना टांगायचे. बटणं लावता लावता माझ्या लक्षात आलं की, साम्राज्याचं सगळं लष्करी सामर्थ्य शेवटी झबल्याला असतात तसल्या बटणांवर उभं आहे.

आता गुणदोष. मी वाणिज्य शाखेचा असल्यामुळे जमा आणि नावे अशा दोन रकान्यांत मांडतो.

जमेच्या रकान्यात पहिली नोंद देखणेपणाची. राल्फ मॅक्वॉरी या चित्रकारानं हे रूप कागदावर कल्पिलं आणि वेशभूषेसाठी जॉन मोलो यांना ऑस्कर मिळालं. ते उगाच नव्हे. काळ्या कपड्यावर पांढरे तुकडे चढतात तेव्हा मधल्या काळ्या फटींमुळे माणूस हाडांच्या सापळ्यासारखा दिसतो. शिरस्त्राणाचं तोंड असं की, कायम कुणीतरी चेक परत केल्यासारखं. चेहरा नाही, वय नाही, जात नाही, पगार नाही. हजार उभे केले तरी एकच माणूस हजारदा उभा आहे असं वाटतं. भीती वाटावी म्हणून केलेली वस्तू आणि भीती वाटते. यापेक्षा जास्त समीक्षकानं काय मागावं?

नावे रकाना मात्र लांबलचक आहे. हे घालून बसता येत नाही. वाकता येत नाही. जिना चढायचा तर आडवं होऊन. डोळ्यांवरच्या काचांतून समोरचं तेवढं दिसतं, पायाखालचं नाही. खुद्द १९७७च्या सिनेमात एका शिपायाचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटतं आणि ते दृश्य तसंच राहिलं आहे. पुढं २००४ साली नवी आवृत्ती काढताना ती चूक कापायची सोडून त्यांनी आपटल्याचा आवाजही घातला! आमच्या शेजारी तांडेल राहतात. सातपाटीच्या बंदरातून चाळीस वर्षं बोट नेलेला माणूस. ते सांधे बघायला आले, बोटाच्या फळ्यांवरून फिरवावा तसा हात फिरवला आणि म्हणाले, “सांधा बरा धरलाय पोरानं. पण बँकवाले, हा शिपाई जाळं कसं ओढणार?” मी इतकी समीक्षा वाचली, पण युद्धखोर साम्राज्यावर यापेक्षा नेमकं काही वाचलेलं नाही. स्वतःच्या हातानं काही ओढायची पाळी ज्याच्यावर कधी येणार नाही, त्याचाच हा पोशाख.

मी जव्हारच्या शाखेत होतो तेव्हा बोहाडा पाहिला होता. तिथंही माणूस मुखवट्यामागं जातो. रात्रभर संबळ वाजतो, देव येतात, दानव येतात, रावण येतो. पण माझ्या शेजारचा म्हातारा मला कानात सांगत होता, “हा रावण म्हणजे आमच्या आळीतला. मागच्या साली याचाच बैल मेला.” मुखवटा कितीही मोठा असो, आतला माणूस गावाला पाठ असतो. ल्यूकससाहेबांच्या शिपायाच्या आत कोण आहे, हे त्यांच्या साम्राज्यातल्या कुणालाच सांगता येत नाही. मला तेव्हा वाटलं, हाच या चिलखताचा सगळ्यात मोठा दोष.

आणि इथंच माझी समीक्षा फसली. कारण नंतर मापं घ्यायची वेळ आली.

हे पत्रे सिनेमातल्या शिपायाच्या अंगाचे. आमचे चिरंजीव पाच फूट चार इंच आणि अंगानं बोंबील. म्हणजे प्रत्येक तुकडा त्याच्या मापानं कापायला हवा, आणि एकदा कापलं की प्लॅस्टिक पुन्हा वाढत नाही. टेप मी धरली. या पोराचं माप मी शेवटचं कधी घेतलं होतं? पालघरच्या शिंप्याकडं, सातवीच्या गणवेशाला. शिंप्यानं विचारलं होतं, “वाढत्या अंगाचं शिवू ना?” आणि मी नेहमीसारखं “हो” म्हटलं होतं. आपल्याकडं मध्यमवर्गीय मुलाला मापाचा कपडा मिळतच नाही. पहिली दोन वर्षं कपडा मोठा, पुढची दोन वर्षं मुलगा मोठा. मधल्या काळात कधीतरी एखाद्या मंगळवारी तो नेमका बसत असेल. हे चिलखत म्हणजे वाढत्या अंगाचं न शिवलेला त्याचा पहिला कपडा. छातीला टेप लावली तेव्हा आत धडधड लागली. मी आकडा मोठ्यानं वाचला आणि उगाच दुसऱ्यांदा मोजला.

मापात पाप माझ्याच हातून झालं. डाव्या मांडीला मी सेंटिमीटरची बाजू सोडून इंचाची धरली आणि कुठं खूण करतोय ते न बघता केली. त्यानं कापलं. मांडी अपुरी पडली. दुसरा पत्रा नव्हता. एकवीस वर्षांत माझ्या कॅशमध्ये एवढी तूट आली नव्हती. मी बोलणी खायच्या तयारीनं उभा राहिलो, पण पोरगं काहीच बोललं नाही. कापून टाकलेले तुकडे त्यानं गोळा केले, ॲसिटोनमध्ये विरघळवून त्यांचा लेप केला, आतून पट्टी दिली, फटीत लेप भरला, आणि पुढच्या चार रात्री पॉलिशपेपरनं घासत बसला. पाचव्या दिवशी मांडी माझ्यापुढं ठेवून म्हणाला, “बाबा, सांधा शोधा.”

मी भिंग काढलं. सह्या तपासणारा माणूस मी. बनावट सही मला उलटी धरूनही ओळखता येते. सांधा सापडला नाही.

आता कलेचा प्रश्न. तो माझ्याआधी थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन आला आहे. मूळ शिरस्त्राणं ज्यांनी बनवली त्या अँड्र्यू एन्सवर्थ यांनी पुढं २००४ सालापासून त्याच साच्यांवर नव्या प्रती काढून विकायला सुरुवात केली. ल्यूकस यांच्या कंपनीनं खटला भरला. मुद्दा असा आला की, शिरस्त्राण हे शिल्प आहे काय? शिल्प असेल तर हक्क दीर्घकाळ टिकतात. २०११ सालच्या जुलैत न्यायालयानं सांगितलं : शिल्प नव्हे. कलाकृती आहे तो सिनेमा. शिरस्त्राण हे सिनेमा करताना वापरलेलं एक साधन. (अमेरिकेतल्या हक्कांचा हिशेब निराळा.) निकाल वाचून मला आधी बरं वाटलं. जेवताना मी विचारलेल्या प्रश्नाला एवढ्या मोठ्या कोर्टाचा पाठिंबा मिळाला होता! मग वाटलं, न्यायमूर्तींपुढं शिरस्त्राण होतं, डावी मांडी नव्हती. साच्यातून निघालं ते सगळ्यांसाठी एकच. त्याला शिल्प म्हणू नका, माझी हरकत नाही. पण त्यानंतर कात्री घेऊन ते एका विशिष्ट हाडकुळ्या देहावर बसवण्याचं जे काम आहे, त्याला काय म्हणायचं, हे कुणी विचारलंच नाही. बिनचेहऱ्याचा शिपाई म्हणून जो पोशाख जगभर प्रसिद्ध, तो आता आमच्या घरातल्या एका माणसाशिवाय दुसऱ्या कुणालाही होत नाही.

अकरा पानांचा शोध मला नंतर लागला. प्लॅस्टिक कापण्याआधी कागदाचा नमुना कापून अंगाला लावून बघतात. बँकेच्या जाहिरातीतल्या ‘पात्रता’ या पानाची उजवी पोटरी झाली होती आणि ‘वेतनश्रेणी’ कोपरावर वाकली होती. रागवावं असं मनात आलं. मग ती पानं हातात घेऊन बघितली. प्रत्येकावर पेन्सिलीनं मापं लिहिलेली, खोडलेली, पुन्हा लिहिलेली. मी ती पानं आणली होती तेव्हा माप घेतलंच नव्हतं. माझ्या अंगाचा कपडा मी त्याला वाढत्या अंगाचा म्हणून आणला होता.

एक दोष सांगायचा राहिला. घासून झाल्यावर सगळे अवयव धुतले आणि सौ.नं ते वाळायला तांडेलांच्या अंगणातल्या बांबूंवर टांगले. शेजारच्या बांबूवर बोंबील होते. दिवसभर साम्राज्य आणि बोंबील एकाच वाऱ्यावर डोलत होते. संध्याकाळी दोघांना एकच वास होता.

जत्रेच्या दिवशी चिलखत मासळीच्या मोठ्या खोक्यात भरून आम्ही पालघरला डहाणू लोकल धरली. मी का? तर हे सोंग एकट्याला चढवता येत नाही, पाठीची बटणं लावायला माणूस लागतो. समोरच्या गृहस्थांनी नाक वर करून विचारलं, “सातपाटी का? पापलेट काय भावानं पडलं?”

“विकायचं नाहीये,” मी म्हटलं.

वसई गेल्यावर चिरंजीव खिडकीबाहेर बघत म्हणाले, “बाबा, खरं सांगा. कसं झालंय?”

एवढी मोठी समीक्षा मनात तयार होती, पण तोंडातून टेबलावरचंच निघालं. “जुळतंय,” मी म्हटलं. “पास करायला हरकत नाही.”

कशाला हरकत नाही हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला, “आणि बोंबलाचा वास?”

“राहू दे,” मी म्हटलं. “सगळ्या मालात अस्सल तेवढा तोच आहे.”