पाच आणि लॅव्हेंडर : अंगावरचा सांधा

अत्तराच्या दुकानात हल्ली एकच प्रश्न ऐकू येतो : 'किती तास टिकतं?' दुकानदार काचेच्या कांडीने मनगटावर रेघ ओढतो, गिऱ्हाईक लगेच नाक लावते आणि वासाबद्दल एक शब्दही न बोलता तासांचा हिशेब सुरू होतो. मिठाई घेतानाही आपण ती किती दिवस टिकेल हे विचारतो, पण निदान आधी चव तरी बघतो. सुगंधाच्या बाबतीत तेवढीही तसदी घेतली जात नाही. आणि ज्या मिश्रणाबद्दल मला इथे लिहायचे आहे, ते म्हणजे पॅचुली आणि लॅव्हेंडर यांचे तेल, त्याच्या बाबतीत तर हा प्रश्न विचारणेच व्यर्थ आहे. पॅचुली टिकतेच. स्वस्तातली टिकते, महागातली टिकते, कपाळाला आठ्या पाडणारीसुद्धा टिकते. तिच्या टिकण्यावरून मिश्रण चांगले की वाईट हे ठरवणे म्हणजे किती वेळ चालली यावर मैफलीची प्रत ठरवण्यासारखे आहे.

ही दोन्ही झाडे तुळशीच्या कुळातली. सब्जा, मरवा, पुदिना ही त्यांची भावंडे. पॅचुलीला मराठीत पाच म्हणतात. 'पॅचुली' हे नाव तमिळमधल्या 'पच्चै इलै', म्हणजे हिरवे पान, यावरून आले असे बहुतेक कोशकार मानतात. मात्र दक्षिण भारतात मूळची असलेली पाच ती पोगोस्टेमॉन हेनिआनस, आणि जगाच्या बाजारात विकले जाणारे तेल येते ते पोगोस्टेमॉन कॅब्लिन या तिच्या बहिणीपासून. सुमात्रा, सुलावेसी या इंडोनेशियाच्या बेटांवर तिची मोठी लागवड आहे. तिथे तिला 'निलाम' म्हणतात. गंमत अशी की तिचे ताजे पान नाकाशी धरले तर फारसे काही हाती लागत नाही. सुगंधाच्या ग्रंथी पानाच्या आतही दडलेल्या असतात. पाने सुकवून, थोडी मुरवून मग ऊर्ध्वपातन केले की त्या मोकळ्या होतात. लॅव्हेंडरचे उलट. तिथे तेल फुलाच्या पाकळीखालच्या केसाळ पेल्यावर, अगदी वर असते. बोटांनी चुरगळले की हात सुगंधी. आपल्या सह्याद्रीतही लॅव्हांड्युला गिब्सोनीसारख्या लॅव्हेंडरच्या जाती उगवतात, पण अत्तरातले लॅव्हेंडर ते नव्हे. ते भूमध्य सागराकाठच्या डोंगरांतले. आता ते जम्मूच्या भदरवाहमध्येही पिकते.

पाच आतली आणि लॅव्हेंडर वरचे, हा फरक लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

या दोघांना एकत्र आणले ते बागेने नव्हे, कपाटाने. काश्मिरी शाली युरोपला जात तेव्हा कसर लागू नये म्हणून त्यांच्या घड्यांत पॅचुलीची पाने ठेवत. सेप्टिमस पीस या इंग्रज सुगंधकाराने १८५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात याची हकिकत दिली आहे. खरी हिंदी शाल कोणती हे गिऱ्हाइके वासावरून ओळखू लागली. फ्रेंच कारखानदारांना हे गुपित कळले, आणि त्यांनी आपल्या नकली शालींना वास देण्यासाठी ही वनस्पती आयात करायला सुरुवात केली. नक्कल आधी डोळ्यांची साधली, नाकाची नंतर! त्याच युरोपात घराघरांतल्या कपड्यांच्या कपाटात लॅव्हेंडरच्या वाळल्या फुलांच्या पुरचुंड्या असत. कारण तेच, कसर. म्हणजे दोन्ही वास मूळचे कापडाचे. अंगावर लावायचे वास म्हणून ते नंतर आले, आणि म्हणूनच अंगावर त्यांचे काय होते हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

रसायनशास्त्राचे थोडे सांगतो. लॅव्हेंडरच्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट या दोन द्रव्यांचा असतो. लिनालूलच्या रेणूत कार्बनचे १० अणू. ते हलके, लवकर उडणारे. पॅचुलीत सर्वांत मोठा वाटा पॅचुलॉलचा. त्यात कार्बनचे १५ अणू, रेणूभार २२२, तर लिनालूलचा १५४. म्हणून पुस्तके सांगतात : लॅव्हेंडर आधी जाते, पॅचुली मागे उरते. सुगंधाच्या व्यापारात याची एक शिडी केली आहे, वरचा सूर, मधला सूर, तळचा सूर. मला ही शिडी कधीच पटली नाही. तिच्यात पायऱ्या आहेत, पण एका पायरीवरून दुसरीवर पाय कसा पडतो हे नाही. आणि मिश्रणाची खरी परीक्षा तिथेच असते. सुतार जसा दोन फळ्यांच्या सांध्यावरून ओळखला जातो, तसे हे मिश्रण त्याच्या सांध्यावरून ओळखावे असे माझे म्हणणे आहे.

जुन्या सुगंधकारांना हे ठाऊक होते. १८८२ साली पॅरिसच्या ऊबिगां या घराण्यासाठी पॉल पार्के यांनी 'फुजेर रोयाल' रचले. त्यात लॅव्हेंडर आणि झाडावरचे दगडफुलासारखे शेवाळ यांच्यामध्ये कुमारिन होते. वाळल्या गवताचा, किंचित गोडसर वास असलेले हे द्रव्य पर्किनने १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार केले होते. त्यानंतर या घाटाच्या असंख्य अत्तरांत पॅचुली आली, पण लॅव्हेंडर आणि पॅचुली एकमेकींच्या अंगावर थेट क्वचितच सोडल्या गेल्या. मध्ये कुमारिनसारखा कोणी तरी मध्यस्थ राहिला. नुसत्या दोन तेलांच्या मिश्रणात हा मध्यस्थ नसतो. सांधा त्यांचा त्यांनाच जुळवावा लागतो.

तो जुळतो का, हे पाहण्यासाठी मी तीन मिश्रणे केली. पहिले : होहोबा तेलाच्या १०० थेंबांत खऱ्या लॅव्हेंडरचे ६ आणि पॅचुलीचे २ थेंब. दुसऱ्यात लॅव्हेंडरऐवजी लव्हांडिन, म्हणजे स्वस्त मिळणारे संकरित लॅव्हेंडर. तिसरे पहिल्यासारखेच, पण होहोबाऐवजी स्पिरिटमध्ये. (ही तेले पातळ केल्याशिवाय कातडीवर लावू नयेत.) प्रत्येकाला वेगळा दिवस, मनगट तेच, सोबत टीपकागदाची पट्टी आणि कापसाचा फाया.

स्पिरिटमधले मिश्रण लावताच लॅव्हेंडर उसळून वर येते, नाकात झिणझिण्या आणते आणि अर्ध्या तासात ओळखीच्या पलीकडे जाते. मग एकदम पॅचुली, जणू पडदा पाडून नवा प्रवेश सुरू केला. शिडीचे वर्णन इथे बरोबर ठरते. तेलात तसे होत नाही. तेल लॅव्हेंडरला धरून ठेवते, आणि ते उसळत नसल्यामुळे पॅचुली पहिल्या मिनिटापासून ऐकू येते. सुरुवातीला ती सुखद नाही. इंग्रजी लेबले तिला 'अर्दी' म्हणतात आणि आपले जाहिरातवाले त्याचे 'मातीचा सुगंध' करतात. पण मराठी माणसाला मातीचा सुगंध म्हटले की वळवाचा पहिला पाऊस आठवतो, आणि पॅचुली ती माती नव्हे. ही ऊन न पाहिलेली माती, वाड्याच्या तळघरातली. मातकट आणि कुबट यांच्या मधोमध कुठे तरी. आपल्या भाषेत वासाला शब्द कमी आहेत असे म्हणणाऱ्यांनी कुबट, कोंदट, ओशट, उग्र, खमंग, मातकट हे शब्द कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिलेले नसावेत.

वीस मिनिटांनंतर खरी गोष्ट सुरू होते. मनगटाच्या उबेने लॅव्हेंडरचा टोकदार, औषधी भाग कमी होतो आणि खाली वाळल्या गवताचा मऊ वास उरतो. त्याच वेळी पॅचुलीचा कुबटपणा ओसरून तिच्यातला थंडावा पुढे येतो. हा थंडावा कापरासारखा. पॅचुलीच्या तेलात वस्तुतः कापूर नसतो; तो भास पॅचुलॉल आणि त्याच्या जवळच्या द्रव्यांचा. लॅव्हेंडरमध्ये मात्र खरा कापूर असतो, चांगल्या तेलात एखाद्या टक्क्याच्या आतबाहेर. एकीचा कापराचा भास आणि दुसऱ्याचा कापराचा अंश, इथे दोघांची गाठ पडते. जवळजवळ दीड तास मनगटावर एकच वास होता : ट्रंकेतून काढलेल्या, घडी मोडलेल्या जुन्या शालूचा. लॅव्हेंडर कुठे संपते आणि पाच कुठे सुरू होते हे सांगता येत नव्हते. त्या दीड तासासाठी हे मिश्रण करण्यासारखे आहे.

लव्हांडिनने तोच सांधा बिघडवला. त्यात कापूर कित्येक पट अधिक, सहा-सात टक्क्यांच्या घरात. पॅचुलीच्या थंडाव्याला हा कापूर भेटला की दोघे मिळून वेदनाशामक बामचा वास तयार करतात. पाठदुखीच्या माणसाने केलेला नटवेपणा! पुष्कळ स्वस्त तेलांचे हेच होते, आणि दोष मात्र पॅचुलीला दिला जातो. तिची बदनामी तशीही जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात ती सभ्य बायकांनी लावायची नाही असा संकेत होता. १९६०च्या दशकापासून ती हिप्पींची ठरली आणि त्यांच्यामागोमाग हणजूणच्या किनाऱ्यावरही आली. ज्यांनी ती तिथे हुंगली त्यांच्या मनात ती अजून घाम आणि गांजा यांच्यासोबतच आहे. यात झाडाचा काही अपराध नाही.

तीन-चार तासांनी लॅव्हेंडर खरोखरच जाते. उरते ती सुकलेली, लाकडासारखी, किंचित कोकोच्या जवळ जाणारी पॅचुली. लावणाऱ्याला वाटते की वास संपला. तो संपलेला नसतो, नाक सरावलेले असते. दिवसभर नाकाशी असलेला वास मेंदू बाजूला सारतो. शेजारी बसलेल्याला तो चांगला जाणवत असतो. तेव्हा 'किती टिकतं' या प्रश्नाचे उत्तर द्यायला लावणारा माणूसच सर्वांत अपात्र. संध्याकाळी उतरला म्हणून पुन्हा कांडी फिरवणारे गृहस्थ लोकलच्या डब्यात काय करून ठेवतात हे मी अनुभवले आहे.

टीपकागदाची पट्टी फसवी निघाली. तिच्यावर सकाळपर्यंत लॅव्हेंडरचा माग होता, पण सांधा जुळलाच नाही. दोन वास शेवटपर्यंत शेजाऱ्यांसारखे राहिले. अंगाची ऊब आणि कातडीवरचा स्वतःचा स्निग्धांश तिथे नाही. मला सर्वांत समाधान दिले ते फायाने. आपल्याकडे अत्तराचा फाया कानाच्या पाळीवरच्या खोबणीत ठेवण्याची रीत आहे. ती मी शोभेची समजत आलो होतो, या मिश्रणाने तिच्यामागचा हिशेब दाखवला. कापसामुळे तेल कातडीत मुरत नाही, त्याला अंगाचा वास चिकटत नाही. पण ऊब मात्र सतत मिळते. म्हणजे कापडाचे गुण आणि अंगाचे गुण एकाच जागी. मनगटावर दीड तास मिळालेला जुन्या शालूचा वास फायात तीन तासांहून अधिक राहिला. कपाटातून आलेल्या या दोन वासांना कापूस मानवावा हे स्वाभाविकच म्हणायचे.

एक अडचण मात्र फायानेही सुटत नाही. अत्तर जितके जुने तितके चांगले, असे दुकानदार सांगतात. पॅचुलीपुरते ते खरे आहे. ताजे तेल रासवट असते. वर्ष-दोन वर्षे मुरले की त्याचा कुबटपणा जातो आणि अंगी गोलाई येते. लोखंडी भट्टीत काढलेले तेल काळपट तपकिरी असते आणि जाणकार तो रंग वाईट मानत नाहीत. लॅव्हेंडरला काळ मानवत नाही. लिनालूल हवेच्या संपर्काने ऑक्सिडीकृत होते, वास बोथटतो, आणि तयार होणारी द्रव्ये काहींच्या कातडीला खाज आणतात. युरोपात तर ठरावीक प्रमाणापुढे लिनालूलचे नाव वेष्टणावर छापण्याची सक्ती आहे. एकाच बाटलीत एक वाढत्या वयाने सुधारणारी आणि एक वाढत्या वयाने बिघडणारे. आतली पाच मुरत राहते आणि वरचे लॅव्हेंडर विटते. त्यामुळे हे मिश्रण तयार बाटलीत विकत घेण्यात अर्थ नाही. पॅचुली जुनी बघून घ्यावी, लॅव्हेंडर त्या हंगामाचे घ्यावे, दोन्ही वेगळी ठेवावीत आणि महिन्याभरात संपेल एवढेच मिसळावे. तिनास एक हे माझे प्रमाण. पॅचुली फार मुरलेली असेल तर लॅव्हेंडरचा एक थेंब आणखी चालतो.