कृमिविवराचा टेकू

कथेंतील माणसास एका जगांतून दुसऱ्या जगांत धाडणें लेखणीला कठीण नाहीं. परंतु लेखक स्वतःच एका विश्वोपपत्तीचा सहजनक असेल, तर त्यानें उघडलेलें दार त्याच्या उपपत्तींत बसतें काय, असें विचारण्याचा अधिकार वाचकाला पोंचतो. डॉ. जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या विज्ञानकथेविषयीं हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. कारण त्याच्या उत्तरावर या वाङ्मयप्रकाराचा एक कस ठरतो.

प्रथम शब्द पाहूं. 'कृष्णविवर' मराठींत रुळला, त्याच्याच धर्तीवर 'कृमिविवर' आला. मूळ इंग्रजी नांव जॉन व्हीलर यांनीं १९५७ सालीं प्रचारांत आणलें. सफरचंद पोखरून पलीकडे निघणारी अळी त्यांत अभिप्रेत आहे. पण 'विवर' म्हणतांच मनांत खड्डा उभा राहतो, आणि येथें तर दोन्ही तोंडें उघडी असलेला बोगदा हवा. कल्पना याहून जुनी. आइनस्टाइन व रोझेन यांनीं १९३५ मध्यें असा एक पूल गणितानें दाखविला. फुलर व व्हीलर यांनीं १९६२ मध्यें सिद्ध केलें कीं, प्रकाशकिरणही पार होण्यापूर्वीं तो मिटून जातो. तो उघडा कसा राहील, हें १९८८ मध्यें मॉरिस व थॉर्न यांनीं सांगितलें: बोगद्याच्या गळ्याशीं ऋण ऊर्जेप्रमाणें वागणारें द्रव्य पाहिजे. वणीकडील भूमिगत कोळसाखाणींत छत खचूं नये म्हणून टेकू द्यावे लागतात, हें आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील वाचकांस सांगावयास नको. येथेंही तोच न्याय. मात्र ओळखीच्या कोणत्याही द्रव्याचा ढीग या छताला टेकू होऊं शकत नाहीं.

पर्यायी उपपत्तींचा प्रवेश होतो तो येथें. फ्रेड हॉयल व नारळीकर यांनीं १९६० नंतरच्या दशकांत द्रव्यनिर्मितीचें जें 'सी-क्षेत्र' मांडलें, त्याची ऊर्जा ऋण होती. त्या ऋणामुळेंच नवें द्रव्य जन्मूनही ऊर्जेचा हिशेब जमत असे. पुढें १९९३ सालीं हॉयल, बर्बिज व नारळीकर यांनीं मांडलेल्या अर्धस्थिर विश्वाच्या उपपत्तींतही हेंच क्षेत्र आहे. दुसरीकडे, एलिस व ब्रॉनिकोव्ह यांनीं १९७३ मध्यें स्वतंत्रपणें जो पार होण्याजोगा बोगदा काढला, त्याचा आधार अशाच जातीचें ऋण क्षेत्र होय. म्हणजे टेकूचें लाकूड नारळीकरांच्या वखारींत आधींच पडलेलें होतें!

तथापि लाकूड असणें आणि टेकू उभा असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विश्वरचनेंतील सी-क्षेत्र सर्वत्र सारखें असून काळाप्रमाणें बदलतें. एलिसच्या बोगद्याचें क्षेत्र स्थळाप्रमाणें बदलतें व काळांत स्थिर राहतें. शिवाय हा बोगदा स्थिर नसून किंचित् धक्क्यानेंही तो मिटतो किंवा फुगत जातो, असें अलीकडील गणित सांगतें. अर्धस्थिर विश्वही बहुसंख्य ज्योतिर्विदांनीं स्वीकारलेलें नाहीं. १९६५ मध्यें सांपडलेल्या सूक्ष्मलहरींच्या पार्श्वभूमीचा अर्थ लावणें तिला नेहमींच जड गेलें. तेव्हां आमचें उत्तर असें: पर्यायी विश्वांत कृमिविवराला जागा आहे, पण आमंत्रण नाहीं.

कांहीं शास्त्रज्ञ गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलतात. लोबो व ऑलिव्हेरा यांनीं २००९ मध्यें दाखविलें कीं, अशा बदललेल्या नियमांत गळ्याजवळचें द्रव्य साधें असूं शकतें. बोगद्याचा भार वक्रतेचीं जादा पदें उचलतात. युक्ति चतुर आहे, परंतु देणें फिटलें नाहीं. तें द्रव्याच्या खात्यावरून नियमाच्या खात्यावर गेलें एवढेंच.

आतां वाङ्मयाकडे वळूं. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेचा नायक, १७६१ ची लढाई मराठ्यांनीं जिंकलेल्या जगांतील मुंबईंत जाऊन पोंचतो. ऋण ऊर्जा ज्याच्या घरचीच, असा हा लेखक येथें बोगदा खणीत नाहीं. तो पुंजवादांतील अनिश्चिततेचा आणि पर्यायी जगांचा आश्रय घेतो. ही निवड आम्हांस अतिशय योग्य वाटते. कृमिविवर फार तर दोन ठिकाणें, क्वचित् दोन काळ जोडील. पानिपताचा निकाल उलटा लागलेलें जग तें आणून देणार नाहीं. जसा प्रश्न तसें दार, हा विवेक या कथेंत आहे. पुराव्यादाखल उरलेलें पुस्तकाचें एक फाटकें पान सगळ्या समीकरणांपेक्षां वाचकाला अधिक पटतें, हें तिचें वाङ्मयीन यश. अखेरचें स्पष्टीकरण संवादांतून येतें, तेव्हां कथा क्षणभर वर्गांत जाऊन बसते. हा दोष आम्ही झांकीत नाहीं. आयुष्य शिकविण्यांत गेलेल्या माणसाला तो लवकर ओळखूं येतो.

आजच्या तरुण लेखकांच्या कथांतून कृमिविवरें पावसाळी छत्र्यांसारखीं उगवूं लागलीं तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. कल्पनेला बंदी नसावीच. आमचें मागणें एवढेंच कीं, दार उघडणाऱ्यानें छताखालीं टेकू कोणाचा, हें स्वतःशीं तरी ठरवावें. नारळीकरांनीं तें ठरविलें होतें. म्हणून त्यांच्या दारांतून गेलेला वाचक परत येतांना रिकाम्या हातानें येत नाहीं.