बिलाची भाषा

मराठीत आजारपणावर भरपूर लिहिलं गेलंय. कॅन्सरशी झुंजलेल्यांची आत्मकथनं आहेत, डॉक्टरांच्या आठवणी आहेत, दिवाळी अंकांत दरवर्षी एखादी तरी हॉस्पिटलची कथा असते. या लेखनात खिडकीबाहेरचं झाड येतं, रात्रपाळीची सिस्टर येते, देवासारखा डॉक्टर येतो. बिल मात्र येत नाही. आलंच तर ‘खर्च बराच झाला’ एवढ्या तीन शब्दांत उरकलं जातं. खरं तर त्या चार-आठ दिवसांत घरातला प्रत्येक माणूस जो मजकूर सर्वांत जास्त वेळा वाचतो, तो बिलाचाच असतो. चष्मा वर-खाली करून, कॅल्क्युलेटर उघडून, फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकून. इतका वाचला जाणारा मजकूर समीक्षेतून सुटतो कसा, हे मला कळत नाही. म्हणून आज मी बिलाची समीक्षा करणार आहे.

माझ्यासमोर जे बिल आहे ते माझ्या मामांचं आहे. पित्ताशयातले खडे, दुर्बिणीतून ऑपरेशन, पुण्यातलं एक खासगी हॉस्पिटल, चार दिवस. मामा आता ठणठणीत आहेत आणि ऑपरेशन उत्तम झालं, हे आधीच सांगते, कारण इथे डॉक्टरांच्या कौशल्याबद्दल तक्रार नाही. दाखल होताना काउंटरवर तोंडी आकडा सांगितला होता, ‘ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत जाईल’. बिल आलं १,६२,८४० रुपयांचं. सोळा पानं.

या सोळा पानांत एकही कर्ता नाही. ‘सलाइन लावलं’ असं वाक्य असतं, तर कुणी, कधी, कशासाठी हे विचारता आलं असतं. इथे फक्त नामं आणि आकडे आहेत: ‘प्रोसिजर चार्जेस’, ‘नर्सिंग चार्जेस’, ‘बायोमेडिकल वेस्ट’, ‘एमआरडी’, ‘मिसलेनियस’. एमआरडी म्हणजे काय ते मी काउंटरवर विचारलं. केसपेपर सांभाळून ठेवणारा विभाग. म्हणजे मामांची फाइल कपाटात ठेवण्याचे पैसे मामांकडून. ‘मिसलेनियस’मध्ये काय आहे, हे विचारल्यावर मुलगा सौम्यपणे म्हणाला, “मॅडम, ते सिस्टीमच घेते.” या मजकुराचा लेखक कोण, याचं इतकं प्रामाणिक उत्तर मला दुसरं मिळालं नसतं.

आता या बिलातली सर्वांत गुंतागुंतीची ओळ. ती दिसायला अगदी साधी आहे: ‘रूम रेंट, ४ दिवस, १८,००० रुपये’. म्हणजे दिवसाला ४,५००. मामांची विमा पॉलिसी तीन लाखांची, आणि तिच्यात खोलीभाड्याची मर्यादा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. दाखल होताना सांगितलं गेलं, “ट्विन शेअरिंग फुल आहे, सिंगल देतो.” मामी म्हणाली, दिवसाला दीड हजार जास्त, चार दिवसांचे सहा हजार, भरू. कुणीही हाच हिशोब केला असता.

पण विमा असा चालत नाही. खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली, की विमा कंपनी फक्त भाड्यातला फरक कापत नाही. सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या फेऱ्या, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापते. याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात. मामांच्या बाबतीत प्रमाण होतं तीनास साडेचार, म्हणजे दोन तृतीयांश. या सगळ्या फिया मिळून ८४,००० होत्या, त्यातले ५६,०००च मंजूर झाले. औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही, पण हातमोजे वगैरे वस्तूंचे ९,४०० ‘नॉन-पेएबल’ म्हणून वेगळे उडाले. एकूण ४३,४०० रुपये खिशातून गेले. त्यातले ३४,००० त्या एका खोलीमुळे. मामीला सहा हजारांचा निर्णय घ्यायला सांगितलं होतं आणि तिने चौतीस हजारांचा घेतला.

कापाकापीला निमित्त कसं मिळतं, तेही बघा. बऱ्याच हॉस्पिटलांत खोली बदलली की ऑपरेशनची किंमतच बदलते. तेच थिएटर, तोच सर्जन, तेच टाके. पण पेशंट नंतर जनरल वॉर्डात झोपणार असेल तर एक दर, डिलक्समध्ये झोपणार असेल तर दुसरा. श्रीमंतांकडून जास्त घेऊन गरिबांना कमी लावतो, असं याचं समर्थन केलं जातं. तसं असेल तर ते छापा की. दाखल होतानाच्या फॉर्मवर एक ओळ पुरेशी आहे. मामीने सही केलेल्या फॉर्मवर धूम्रपान करू नये, मौल्यवान वस्तू सांभाळाव्यात, असं सगळं होतं. हे नव्हतं.

मेथीची जुडी घेताना आपण भाव विचारतो. रिक्षात बसताना मीटर बघतो. हॉस्पिटलात विचारत नाही, आणि यात अर्धा वाटा आपल्याच भाषेचा आहे. ‘आधी पेशंटचं बघू, पैशाचं नंतर.’ ‘जिवापेक्षा पैसा मोठा आहे का?’ ही वाक्यं हॉस्पिटलवाले कमी बोलतात, आपले काका-आत्याच जास्त बोलतात. जो दर विचारतो तो कंजूस, किंवा पेशंटवर त्याचं प्रेम कमी. मीसुद्धा काउंटरवर आवाज खाली आणून विचारलं होतं. केनेथ अॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालीच मांडलं होतं की वैद्यकीय सेवा हा इतर बाजारांसारखा बाजार नाही: घेणाऱ्याला आपल्याला नेमकं काय हवंय हे माहीत नसतं, आणि ते ठरवणाराच ते विकत असतो. आपल्याकडे त्यात लाजेची भर पडते.

डॉक्टरांची बाजू मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नाही. अरुण गद्रे आणि अभय शुक्ला या दोन डॉक्टरांनी २०१६ साली ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ हे पुस्तक लिहिलं. त्यासाठी ७८ डॉक्टरांना बोलतं केलं. कट प्रॅक्टिस, अनावश्यक तपासण्या, व्यवस्थापनाचा दबाव हे सगळं डॉक्टरांच्याच तोंडून त्यात येतं, आणि म्हणूनच पुस्तक खणखणीत आहे. पण ते सदसद्विवेकबुद्धीच्या प्रश्नावर उभं आहे, आणि बिल छापणाऱ्या सॉफ्टवेअरला सदसद्विवेकबुद्धी नसते. ऑपरेशन करणारा सर्जन अत्यंत सज्जन असू शकतो. मामांचे होते. त्यांना बिलाचा आकडा मी सांगितला तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

सगळ्यात जास्त काळाबाजार जिथे वाटतो, तिथे अनेकदा कायदा मोडलेलाच नसतो. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने २०१८ साली दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. हे एमआरपीपेक्षा जास्त घेऊन झालं नव्हतं. एमआरपीच तशी छापून घेतलेली. हॉस्पिटल घाऊक खरेदी करतं, त्याला कमी भावात माल मिळतो, आणि पाकिटावरची किंमत जितकी जास्त तितका मधला फरक हॉस्पिटलचा. त्यामुळे कंपन्यांमध्ये चढाओढ लागते ती जास्त किंमत छापण्याची. ‘एमआरपीच्या वर एक पैसा घेतलेला नाही’ हे वाक्य खरं असतं. तुम्ही ते ऐकून गप्प बसता.

मग दर बांधून द्यावेत का? दिले गेलेत, हे विसरायला नको. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने हृदयात बसवायच्या स्टेंटची कमाल किंमत ठरवली: साध्या स्टेंटला ७,२६० रुपये, औषधवेष्टित स्टेंटला २९,६०० (करांखेरीज). आभाळ कोसळलं नाही. मे २०२०मध्ये, कोविडच्या लाटेत, महाराष्ट्र सरकारने खासगी हॉस्पिटलांतल्या ८० टक्के खाटांसाठी दर जाहीर केले: साध्या वॉर्डात दिवसाला ४,०००, आयसीयूत ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. पीपीई किट, महागडी औषधं यांसारख्या गोष्टी त्याबाहेर राहिल्या आणि अनेक बिलं नेमकी तिथेच फुगली, पण लोकांच्या हातात पहिल्यांदाच एक आकडा आला. ऑडिटरकडे बिल घेऊन जाता येत होतं. साथ ओसरली आणि ते सगळं गुंडाळलं गेलं.

साथीनंतर जे उरलं त्याबद्दल फार कमी लोकांना माहिती आहे. जानेवारी २०२१मध्ये राज्याच्या नर्सिंग होम नोंदणी नियमांत बदल झाले. त्यानुसार हॉस्पिटलने रुग्णहक्कांची सनद लावायची, आणि १५ प्रकारच्या सेवांचे दर दिसतील असे लावायचे. मी मामांच्या हॉस्पिटलात तो फलक शोधला. सापडला, लिफ्टच्या मागच्या भिंतीवर, इंग्रजीत. प्रत्येक आकड्यासमोर ‘ऑनवर्ड्स’. पासून पुढे! हा शब्द ज्याने पहिल्यांदा दरपत्रकात घातला त्याला माझा नमस्कार. त्याने नियमही पाळला आणि दरही सांगितला नाही.

केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा २०१०चा आहे. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. गंमत म्हणजे त्याच २०१० साली डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याने स्वतंत्र कायदा केला. तो हवाच होता, मारहाणीचं समर्थन कुणीही करू नये. पण हॉस्पिटलच्या दारातली किती भांडणं अनपेक्षित बिलावरून पेटतात, याचाही कधीतरी विचार व्हायला हवा होता. एप्रिल २०२५मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर डिपॉझिटच्या मागणीवरून लोक रस्त्यावर आले, तेव्हा राग एका घटनेपुरता नव्हता. त्या गर्दीतल्या बऱ्याच जणांच्या घरी असं एखादं सोळा पानी बिल असणार.

साताऱ्याकडे छोटं हॉस्पिटल चालवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हा लेख आधी वाचायला दिला. ती वैतागली. म्हणाली, “शरीर काय कोटेशन बघून वागतं का? पोट उघडल्यावर आत काय निघेल ते तुला माहीत असतं?” तिचं बरोबर आहे. शिवाय तिच्या वीस खाटा आणि एखाद्या साखळी हॉस्पिटलच्या तीनशे खाटा यांना एकाच दरात कोंबणं अन्याय्य ठरेल. पण अंदाज चुकू शकतो म्हणून अंदाज द्यायचाच नाही, हे मला पटत नाही. अमेरिकेत आरोग्यसेवेच्या किमतींचा जो काही सावळागोंधळ आहे, तो तिथे राहणाऱ्या मराठी नातेवाइकांकडून आपण सगळ्यांनी ऐकलाय. तरी तिथे १ जानेवारी २०२२पासून एक नियम आहे: विमा नसलेल्या किंवा स्वतः पैसे भरणाऱ्या पेशंटला आधी लेखी अंदाज द्यायचा, आणि बिल त्यापेक्षा ४०० डॉलर किंवा जास्त वाढलं तर त्याला दाद मागता येते. इथे दर सरकार ठरवत नाही. फक्त दिलेल्या शब्दाला वजन आणलंय. मैत्रीण म्हणाली, हे चालेल, पण लेखी अंदाज देण्याचं काम करायला मला एक माणूस जास्त ठेवावा लागेल. ठेवावा लागेल. तो खर्च बिलात लावलास तरी चालेल, असं मी तिला म्हटलं.

तोवर जे हातात आहे ते वापरायला हवं. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केलंय. औषधं हॉस्पिटलच्याच दुकानातून घ्यायची सक्ती चालत नाही. तपशीलवार बिल मागणं हा हक्क आहे, उपकार नाही. आणि घरात कुणाची पॉलिसी असेल तर आज, सगळे धडधाकट असताना, तिच्यातलं खोलीभाड्याचं कलम उघडून वाचा. दाखल व्हायच्या रात्री ते कुणी वाचत नाही.

मला वाचायला आवडेल असं बिल मी मामांच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर आखून बघितलं. एक पान पुरतं. मराठीत. डावीकडे काय केलं, आणि ते कुणी केलं. मग दाखल होताना सांगितलेली रक्कम, शेजारी झालेली रक्कम, आणि फरक असेल तर त्याचं कारण. शेवटच्या रकान्यात, ही वाढ घरच्यांना कुणी आणि किती वाजता सांगितली, त्या माणसाचं नाव.